काटा लहान, जखम खोल

पाऊस ओसरून दसरा-दिवाळीचे दिवस आले, की नांदेड-लातूरकडील अंगणांतून गुलाब व बोगनवेलीची छाटणी सुरू होते. गेल्या वर्षी याच सुमारास एक निवृत्त शिक्षक सुजलेले बोट घेऊन माझ्याकडे आले. त्यांना मधुमेह होता. बोगनवेलीचा काटा सांध्यापाशी शिरला, तेव्हा त्यांनी घरीच सुईने कोरून पाहिले व वर हळद दाबली. तीन आठवडे सूज हटेना. एक्स-रेत काही आढळले नाही. सोनोग्राफीत मात्र आत मोडलेले टोक दिसले. शेवटी लहानशी शस्त्रक्रिया करावी लागली. काट्याने काटा काढण्याची म्हण व्यवहारात चालेल, त्वचेवर नव्हे.

काट्याची जखम वरून टिचभर, पण आत खोल असते. मातीतील धनुर्वाताच्या जंतूंना अशी हवा न पोहोचणारी जागा मानवते. भारतात बालकांच्या लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना बालपणी धनुर्वाताची लस मिळालेलीच नसते. म्हणून छाटणीपूर्वीच डॉक्टरांना विचारून लसीची मात्रा पूर्ण करून घ्यावी. पुढे दर दहा वर्षांनी एक मात्रा पुरते.

छाटणी न्याहारीनंतर, सकाळच्या उजेडात करावी. कोपरापर्यंत येणारे जाड चामड्याचे हातमोजे, चष्मा व बंद बूट घालावेत. लांब फांदी ओढू नये. ती चिमट्याने धरून शेंड्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कापावी. गुलाबाची फांदी बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार कात्रीने तिरकी कापावी. स्टुलावर चढून बोगनवेल छाटण्याचे काम तरुणांवर सोपवावे. निवडुंगासारख्या दिसणाऱ्या काटेरी युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. छाटलेले काटे तत्काळ गोळा करावेत. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना रुतलेला काटा कळतही नाही.

काटा टोचलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. वर दिसणारे टोक स्वच्छ चिमट्याने अलगद काढावे. आत गेलेले कोरू नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी जखम दहा मिनिटे दाबून धरावी. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. सांध्याजवळची जखम, वाढती सूज किंवा ठणका, ताप, बोट न वाकणे यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी दाखवावे. जबडा आखडल्यास थेट रुग्णालय गाठावे.

मुला-सुनांना एक विनंती. 'आता बाग पुरे' असे वडीलधाऱ्यांना म्हणू नका. छाटणीच्या दिवशी तासभर शेजारी उभे राहा, टोपली धरा आणि संध्याकाळी त्यांचे हात-पाय उजेडात एकदा नीट पाहा.