सलामीची जोड

कुस्तीच्या फडात जोड लावताना जाणती माणसे दोन्ही पैलवानांना समोरासमोर उभे करतात. मान बघतात, मांड्या बघतात, चालताना पाऊल कसे पडते ते बघतात आणि मगच हातात हात देतात. अंदाज तरीही चुकतो, पण निदान गडी डोळ्यांसमोर असतो. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सलामीच्या सामन्यात तेवढीही सोय नसते.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, डोक्याला शिरस्त्राण, अकरा विरुद्ध अकरा आणि शंभर यार्डांचे मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्याचा. हंगाम ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो आणि सामने बहुधा शनिवारी होतात. आपली मुले तिकडे शिकायला गेली की पहिल्याच महिन्यात त्यांना कळते, शनिवारी गावात दुसरे काहीही काम निघत नाही.

आता या पहिल्या शनिवारची अडचण पाहा. समोरचा संघ यंदा कसा आहे, हे कोणीच पाहिलेले नसते. व्यावसायिक संघ ऑगस्टमध्ये आपापसांत सरावाचे सामने खेळतात. कॉलेजच्या संघांची रीत तशी नव्हती. प्रशिक्षकाच्या हाती असतात त्या गेल्या वर्षीच्या सामन्यांच्या चित्रफिती. त्यातली निम्मी मुले पदवी घेऊन किंवा व्यावसायिक खेळात निघून गेलेली. बरे, हेर पाठवावा तर तेही नाही. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष मैदानावर जाऊन टिपण्यास कॉलेज क्रीडासंघटनेने १९९४ पासून मनाई केली आहे. मग संघातल्याच राखीव मुलांना प्रतिस्पर्ध्याच्या चाली शिकवायच्या, त्यांना समोर उभे करायचे आणि आठवडाभर त्यांच्याशी झुंजायचे. म्हणजे नकली शत्रूशी लढून खऱ्याची तयारी. नकलीचा वेग खऱ्याइतका नसला, तर सगळेच गणित चुकते.

ते कसे चुकते याचा दाखला म्हणून एकच सामना पुरे आहे, १ सप्टेंबर २००७ चा, मिशिगन विद्यापीठ विरुद्ध ॲपलॅचियन स्टेट.

मिशिगन म्हणजे घराण्यातले घराणे. १८७९ पासून फुटबॉल खेळणारे, आणि त्या वेळी कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक विजय नावावर असलेले विद्यापीठ. ॲन आर्बर गावातल्या त्यांच्या मैदानात लाखाहून जास्त माणसे बसतात. हंगामापूर्वीच्या राष्ट्रीय क्रमवारीत त्यांचा नंबर पाचवा होता. चॅड हेनी हा क्वार्टरबॅक (संघाचा सूत्रधार, चेंडू फेकतो तो), माइक हार्ट हा धावणारा गडी आणि जेक लाँग हा आडदांड रक्षक, असे तिघेही व्यावसायिक पैसा बाजूला ठेवून शेवटच्या वर्षासाठी मुद्दाम थांबले होते.

समोर नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगरात, सुमारे तीन हजार तीनशे फुटांवर वसलेल्या बून नावाच्या लहानशा गावातले विद्यापीठ. ते खालच्या गटात खेळणारे. मिशिगनला ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत असे, तर यांना ६३ इतक्याच. या सामन्यासाठी येण्याबद्दल त्यांना चार लाख डॉलर मिळणार होते. मोठ्या विद्यापीठांनी सलामीला असा एखादा लहान संघ पैसे देऊन बोलावायचा, घरच्या प्रेक्षकांसमोर त्याला लोळवायचे, लहान संघाने त्या पैशात वर्षाचा खर्च भागवायचा, असा हा जुना शिरस्ता. त्यात लबाडी कोणाचीच नाही. दोन्ही पक्षांना निकाल ठाऊक असतो, एवढेच. लास वेगासच्या बहुतेक सट्टेवाल्यांनी तर या सामन्याचा भावच काढला नव्हता.

आणि गंमत अशी, की मिशिगनने काय पाहायला हवे होते ते सगळे कागदावर होते.

पहिली गोष्ट स्वतःच्या घरातली. २००६ मध्ये मिशिगन पहिले अकरा सामने जिंकले आणि शेवटचे दोन हरले. ओहायो स्टेटने ४२-३९ असे हरवले आणि मग १ जानेवारी २००७ ला रोझ बोलमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने ३२-१८. ओहायो स्टेटने मैदानभर गडी पांगवून खेळ केला आणि चपळ क्वार्टरबॅकच्या जोरावर मिशिगनच्या बचावाला भोके पाडली. त्या बचावातले चार खंदे खेळाडू, लिऑन हॉल, लामार वुडली, ॲलन ब्रँच आणि डेव्हिड हॅरिस, २००७ च्या वसंतात व्यावसायिक संघांनी पहिल्या दोन फेऱ्यांतच उचलले. म्हणजे जिथे गळत होते, तिथलीच कौले काढली गेली. वर्तमानपत्रांतली चर्चा मात्र हेनी, हार्ट आणि लाँगची.

दुसरी गोष्ट समोरच्या घरातली. ॲपलॅचियनचे प्रशिक्षक जेरी मूर हे तेव्हा ६८ वर्षांचे. १९८९ पासून त्याच डोंगरात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी आपली जुनी पद्धत मोडून पांगवून खेळायची नवी रीत उचलली होती. ती शिकण्यासाठी ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात रिच रॉड्रिग्ज या प्रशिक्षकाकडे जाऊन आले होते. उतारवयात शिष्यत्व पत्करणारा माणूस मला तरी धोकादायक वाटतो. या रीतीला हवा तसा क्वार्टरबॅक त्यांना मिळाला, आर्मांटी एडवर्ड्स. अंगाने सडपातळ, पण २००६ मध्ये, कॉलेजच्या पहिल्याच हंगामात, त्याने दोन हजारांहून अधिक यार्ड चेंडू फेकून आणि हजाराहून अधिक यार्ड स्वतः धावून कमावले होते. २००५ आणि २००६, दोन्ही वर्षी संघ आपल्या गटाचा राष्ट्रीय विजेता.

मग मिशिगनला हे दिसले नाही का? दिसले असणारच. पण चित्रफितीत दिसणारा वेग सापेक्ष असतो. एडवर्ड्स तीन जणांना चकवून पळताना दिसतो, तेव्हा तो वेगवान आहे की ते तिघे संथ आहेत? खालच्या गटातले प्रतिस्पर्धी पाहून हे सांगणे अवघड. वरच्या गटाशी तुलना करायला एक सामना हाताशी होता. २००६ च्या सलामीला नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ॲपलॅचियनला २३-१० असे हरवले होते आणि तो संघ स्वतःच्या गटात सामान्यच ठरला. सामान्याकडून हरलेल्याला मिशिगनने का घाबरावे? हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. मात्र त्या पराभवानंतर बूनच्या मुलांनी सलग चौदा सामने जिंकले होते, आणि सप्टेंबरात दिसलेला संघ डिसेंबरात तोच उरला नव्हता.

बूनकडून पाहिले तर हेच काम पुष्कळ सोपे होते. मिशिगन कसे खेळते हे उभ्या देशाला ठाऊक होते. लहानाला मोठा सहज दिसतो, मोठ्याला लहान दिसण्यासाठी खाली वाकावे लागते.

त्या दुपारी मैदानात १,०९,२१८ माणसे होती. मिशिगनने पहिला टचडाउन केला आणि सगळे स्थिरस्थावर झाले. मग डेक्स्टर जॅक्सन नावाच्या गड्याने एक साधासा चेंडू पकडला आणि ६८ यार्ड पळत सुटला. मागे धावणाऱ्यांतले अंतर कमी होईना. चित्रफितीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले. मध्यंतराला पाहुणे २८-१७ असे पुढे.

उत्तरार्धात मिशिगन सावरले. साडेचार मिनिटे उरली असताना माइक हार्ट ५४ यार्ड धावत गेला आणि यजमान ३२-३१ असे पुढे आले. लगेच एडवर्ड्सचा चेंडूही त्यांनी हिसकावला. आता फक्त वेळ काढायचा. पण त्यांचा फील्ड गोलचा प्रयत्न ब्रायन क्विकने अडवला. उरलेल्या दीड मिनिटात एडवर्ड्सने संघाला ६९ यार्ड पुढे नेले आणि २६ सेकंद बाकी असताना ज्युलियन रॉशने २४ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. ३४-३२. तरीही खेळ संपला नव्हता. हेनीने एक लांब चेंडू फेकून मिशिगनला पुन्हा टप्प्यात आणले. सहा सेकंद उरलेली, ३७ यार्डांवरून लाथ, आणि कोरी लिंच कडेने झेपावत आला. चेंडू त्याच्या अंगावर आदळला.

१९७८ मध्ये हे गट वेगळे झाल्यापासून खालच्या गटातल्या संघाने क्रमवारीतल्या संघाला हरवण्याची ही पहिलीच वेळ. सामना दाखवणारी वाहिनी दोनच दिवसांपूर्वी सुरू झालेली. असंख्य घरांत ती दिसतही नव्हती, त्यामुळे पुष्कळांना ही बातमी ऐकूनच कळली आणि खरी वाटली नाही. बूनमध्ये मात्र पोरांनी स्वतःच्याच रिकाम्या मैदानातले गोलखांब उपटले आणि ते मिरवत कुलगुरूंच्या घरापर्यंत नेले.

मिशिगन क्रमवारीतून थेट बाहेर फेकले गेले. पुढच्या शनिवारी ओरेगनने त्यांना ३९-७ असे झोडपले, तेही पांगवलेल्या खेळानेच. मग ते सावरले, शेवटी फ्लोरिडाला हरवून प्रशिक्षक लॉइड कार सन्मानाने निवृत्त झाले. त्यांच्या जागी मिशिगनने कोणाला आणले? रिच रॉड्रिग्ज यांना, बूनच्या मंडळींच्या त्याच गुरूला! ॲपलॅचियनने त्या डिसेंबरात सलग तिसरे विजेतेपद घेतले.

एवढे सांगूनही एक कबूल करायला हवे. अशा जोडीत मोठा संघ बहुतेक वेळा जिंकतोच, आणि दर वर्षी लोळवल्या जाणाऱ्या लहान संघांवर कोणी लेख लिहीत नाही. आता तर पारख आणखी अवघड झाली आहे. २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष बाकावर न बसता विद्यापीठ बदलता येते, त्यामुळे सलामीला उभ्या राहिलेल्या संघातले कितीतरी चेहरे गेल्या वर्षी दुसऱ्याच रंगात असतात. गेल्या वर्षीची चित्रफीत म्हणजे जवळजवळ दुसऱ्याच संघाची. मोह आवरत नाही तो असा. २०२३ मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून टिपल्याच्या प्रकरणात एका विद्यापीठाचे नाव पुढे आले आणि त्याच्या प्रशिक्षकाला तीन सामने बाहेर बसावे लागले. ते विद्यापीठ मिशिगनच.

३० ऑगस्ट २०१४ ला हे दोन संघ पुन्हा सलामीलाच भेटले, त्याच मैदानात. ॲपलॅचियनचा मोठ्या गटातला तो पहिलाच सामना होता. या वेळी मिशिगनने ५२-१४ असा निकाल लावला.