सबवूफर टीव्हीखालीच का? हॉलमधल्या बासचं गणित

हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे ते जरा नीट मांडलेत. बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

होम ऑडिओचा विषय निघाला की एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत हमखास येतो. "दुकानात सबवूफर भारी वाजत होता, घरी आणला तर नुसता घुमतोय. मोठा घेऊ का?" माझं उत्तर: थांबा. खिशात हात घालायच्या आधी सबवूफर उचलून दुसरीकडे ठेवून बघा. बहुतेक वेळा गडबड डब्यात नसते, डबा जिथे ठेवलाय त्या जागेत असते. आणि जागा बदलायला फुकट.

पण त्याआधी वॉटचं भूत उतरवू, कारण निम्मं बजेट तिथेच जातं.

खोक्यावर मोठ्या अक्षरात पीएमपीओ लिहिलेलं असेल तर तो आकडा विसरून जा. त्याला मोजमापाचा धड नियमच नाही, छापणारा म्हणेल तेवढा. आरएमएस बघा, म्हणजे अॅम्प सलग किती पॉवर देऊ शकतो ते. त्यातही बारीक अक्षरं वाचायची. एव्ही रिसीव्हरच्या खोक्यावर "१५० वॉट" असतं आणि खाली असतं: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू, १० टक्के डिस्टॉर्शन. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाटलेलाच की! त्याच मशीनचा ८ ओहम, दोन चॅनल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असा आकडा शोधा. तो बराच कमी निघेल. तोच खरा.

आता घरात लागतात किती वॉट? स्पीकरची सेन्सिटिव्हिटी समजा ८७ डेसिबल आहे, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८७ डेसिबल. तुम्ही ३ मीटरवर बसलात तर मोकळ्या जागेत त्यातले साडेनऊ डेसिबल जातात. दोन स्पीकर आहेत म्हणून साधारण ३ परत येतात. म्हणजे एकेका स्पीकरला फक्त १ वॉट देऊन सोफ्यावर ८० डेसिबल मिळाले. खोलीत भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच. ८० डेसिबलला शेजारी बसलेल्याशी आवाज चढवूनच बोलावं लागतं! रोजचं ऐकणं सरासरी ७० च्या आसपास असतं, त्याला ०.१ वॉट पुरतो. सिनेमातला स्फोट किंवा ढोलाचा ठोका सरासरीपेक्षा २० डेसिबल वर गेला तर १० वॉट. खरे ५० वॉट असले की हॉलसाठी झालं.

आणि ५० चे १०० केले तर? फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. म्हणून माझं मत: बजेटचा सगळ्यात मोठा वाटा स्पीकरला, मग सबवूफरला, आणि उरलेल्यात साधा प्रामाणिक अॅम्प. फक्त स्पीकर ४ ओहमचा असेल तर अॅम्प ४ ओहम झेपवतो का ते बघून घ्या, कारण तेवढ्याच व्होल्टेजला तो दुप्पट करंट ओढतो.

वायरवर पैसे घालवू नका. तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची साधी लवचिक वायर ५ मीटर ओढली, तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.१३ ओहमच्या आसपास. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे काहीच नाही. लाल-काळं मात्र दोन्ही स्पीकरना सारखं जोडा. एकाचं उलटं झालं की एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, आणि बास गायब होतो.

आता खोली.

३७ हर्ट्झची आवाजाची लहर सुमारे ३० फूट लांब असते. तुमचा हॉल समजा १५ बाय १०, उंची साडेनऊ फूट. म्हणजे अख्खी लहर हॉलमध्ये मावतच नाही. ती भिंतीवर आपटून परत येते, येणाऱ्या लहरीत मिसळते, आणि काही ठरावीक फ्रिक्वेन्सींना खोली स्वतःच वाजायला लागते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकच सूर धरते ना, तसं. याला रूम मोड म्हणतात. गणित सोपं आहे: ५६३ ला फुटांतल्या मापाने भागा. १५ फुटांसाठी ३७.५ हर्ट्झ, १० फुटांसाठी ५६, साडेनऊ फुटांसाठी ५९. मग त्यांच्या पटी: ७५, ११३ वगैरे.

यात ५६ आणि ५९ किती जवळ आहेत बघा. आपल्याकडे दहा फुटी रुंदी आणि साडेनऊ-दहा फुटी उंची हे जोडपं घरोघरी सापडतं. त्यामुळे ५५ ते ६० च्या पट्ट्यात दोन मोड एकमेकांच्या खांद्यावर उभे. किक ड्रमचा मार साधारण तिथेच असतो. "घुमतोय" म्हणतात तो हाच आवाज. हॉल पॅसेजला किंवा स्वयंपाकघराला उघडा असेल तर आकडे थोडे सरकतात आणि शिखरं जरा बोथट होतात, पण खेळ तोच.

अजून एक गोष्ट. अमेरिकन यूट्यूबरचं ऐकून आपण १२ इंची सबवूफर ठरवतो. त्यांच्याकडे बऱ्याच घरांत भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे पत्रे. बास आला की ते किंचित हलतात आणि थोडा बास पिऊन टाकतात. आपल्या विटांच्या भिंती आणि आरसीसी स्लॅब तसं काही करत नाहीत, आला तसा बास परत फेकतात. त्यामुळे आपल्या हॉलमध्ये बास मुळातच जास्त जमतो. ८ किंवा १० इंची नीट ठेवलेला सबवूफर इथे बरंच काम करून जातो.

मोडचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त, आणि पहिल्या मोडचा खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणून कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर सगळ्याच मोडना पेटवतो: आवाज भरपूर, पण एकसुरी. आणि आपला सोफा कुठे असतो? भिंतीला चिकटून. म्हणजे ऐकणाराही शिखरावरच बसलेला. "सोफा एक फूट पुढे ओढा" असा सल्ला सर्रास दिला जातो. १० फुटी खोलीत ५६ हर्ट्झचं गणित करा, एका फुटाने अर्धा डेसिबलसुद्धा फरक पडत नाही. वरच्या फ्रिक्वेन्सींना पडतो, पण या घुमण्याला नाही. सोफा राहू द्या, सबवूफर हलवा.

कुठे? तर उलटा डाव खेळायचा. सबवूफर सोफ्यावर, तुमचं डोकं येतं तिथे ठेवा. ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा, असे टेस्ट टोन फुकट मिळतात. आवाज बेताचा ठेवा. मग तुम्ही जमिनीवर रांगत भिंतीकडेने फिरा, कान सबवूफरच्या उंचीला. जिथे सगळे सूर त्यातल्या त्यात सारखे ऐकू येतील, तिथे सबवूफर ठेवायचा. हे चालतं कारण आवाज देणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला रस्ता तोच राहतो. घरचे हसतील. हसू द्या.

कानावर भरवसा नसेल तर मोबाइल अॅप चालेल, एका अटीवर. फोनचा माइक खालच्या फ्रिक्वेन्सीला कच्चा असतो, त्यामुळे ४० हर्ट्झची ८० हर्ट्झशी तुलना करू नका. एकच सूर लावून दोन जागांची तुलना करा. माइकची चूक दोन्हीकडे सारखीच, ती वजा होते. पुढे जायचं असेल तर कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर. आलेख एकदा पाहिला की मग थांबवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ईक्वलायझरबद्दल एवढंच: शिखर कापता येतं, खड्डा भरता येत नाही. लहरी एकमेकींना मारतायत तिथे पॉवर वाढवली तर मारणारी लहरही तेवढीच वाढते. खड्ड्यावर इलाज एकच, जागा बदलणं. किंवा दुसरा सबवूफर. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये नेमका हाच अभ्यास मांडला होता, किती सबवूफर पुरेत असा. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तर बास बराच सपाट होतो, आणि चारच्या पुढे फारसा फायदा नाही. आपल्या हॉलमध्ये एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान, हे मला पटतं.

जागा ठरली, आता जोडणी. रिसीव्हरमध्ये स्पीकर "स्मॉल" करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. "आमचे स्पीकर काय स्मॉल आहेत का" म्हणून रुसू नका, त्याचा अर्थ एवढाच की ८० च्या खालचं काम सबवूफरकडे. ८० च का, तर त्याखाली आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, म्हणून सबवूफर टीव्हीपासून लांब असला तरी चालतं. सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण मात्र शेवटपर्यंत फिरवा किंवा एलएफईवर ठेवा, नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात. मग ८० हर्ट्झचा सूर लावून सोफ्यावर बसा आणि कुणाला तरी फेजचं बटण ० आणि १८० करायला सांगा. ज्याला आवाज मोठा, ते बरोबर.

लेव्हल लावायला माझ्या दोन चाचण्या. पहिली, बातम्या लावा, पुरुष निवेदक. सबवूफर चालू-बंद केला तर फरक जेमतेम कळायला हवा. निवेदक पिंपात बसून बोलतोय असं वाटलं तर लेव्हल किंवा क्रॉसओव्हर जास्त. दुसरी, तबल्याचं सोलो. डग्ग्यावर तळहात दाबून सरकवताना सूर चढत-उतरत जातो, म्हणजे आयता स्वीपच! स्पीकर आणि सबवूफर जिथे एकमेकांना भेटतात त्याच पट्ट्याच्या आसपास. तो सूर सलग सरकला पाहिजे. मध्येच एका ठिकाणी फुगला किंवा बुडाला तर पुन्हा फेज आणि जागा बघा.

आणि आता शेजारी. "मी अॅपवर मोजलं, ४५ डेसिबलच आहे, तरी खालचे काका तक्रार करतात." काका खोटं बोलत नाहीयेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ ४५ अशी मर्यादा आहे, पण ती ए-वेटेड डेसिबलमध्ये. ए-वेटिंग खालच्या फ्रिक्वेन्सी कापून टाकतं: ४० हर्ट्झला जवळपास ३५ डेसिबल. म्हणजे ४० हर्ट्झचा खरा ८० डेसिबलचा बास मीटरवर ४५ दिसतो. ४० हर्ट्झ ऐकू यायला ५० च्या थोडं वर पुरतात. मीटर शांत, काकांची उशी मात्र थरथरतेय.

भिंत आणि स्लॅब जेवढा आवाज अडवतात, तो फ्रिक्वेन्सी निम्मी केली की ढोबळमानाने ६ डेसिबलने कमी अडवतात. गाण्यातला गायक भिंतीतच राहतो, धप-धप तेवढी पलीकडे जाते. भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावून काही होत नाही. ५० हर्ट्झच्या लहरीचा चौथा भागच पावणेदोन मीटर आहे, तिथे एक इंची फोम काय करणार? सबवूफरखालचं रबर जमिनीतून जाणारी थरथर कमी करतं, हवेतून जाणारा बास नाही.

उपयोगी पडतं ते असं: सबवूफर तुमच्या अगदी जवळ आणा, सोफ्याच्या बाजूला, साइड टेबलसारखा. कानापासून दोन-तीन फुटांवर असला की तुम्हाला तोच बास मिळायला तो बराच कमी वाजवावा लागतो. शेजाऱ्याचं अंतर आहे तेवढंच, त्यामुळे त्याच्याकडे कमी पोचतं. शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीला तेवढा टेकवू नका. रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड लावा आणि सबची लेव्हल ६ ते १० डेसिबल खाली. नाइट मोड संवाद आणि स्फोट यांतलं अंतर कमी करतो, म्हणजे संवाद ऐकायला आवाज वाढवला आणि पुढच्याच मिनिटाला अख्खी बिल्डिंग जागी झाली, असं होत नाही.

शेवटी एक नेहमीचा प्रश्न: काही न वाजवता सबवूफर "हूं" करत राहतो. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. हूं गेला तर ग्राउंड लूप आहे. केबलवर आयसोलेटर लावा आणि सगळी उपकरणं एकाच बोर्डवर आणा. थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हूं थांबेल, पण डब्यात कधी करंट उतरला तर तो तुमच्या हातातून जाईल.

पुढच्या एपिसोडला टर्नटेबल आणि फोनो प्री-अॅम्प. हॉलची मापं आणि सोफ्याची जागा कळवलीत तर एखाद्या हॉलचं गणित सगळ्यांसमोर करून दाखवतो.