सुरुंगाचा हादरा आणि भिंतीची भेग

खाप्याजवळ मॉयलची गुमगाव मँगनीज खाण आहे आणि सावनेर तालुक्यात कोळशाच्याही खाणी आहेत. अशा मुलखात सुरुंग, हादरा आणि भिंतीचा तडा हे तिन्ही शब्द एकाच दमात बोलले जातात. हा वाद मोजमापाने सुटू शकतो, पण मोजायचं काय याचाच घोळ असतो.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे आवाज मोठा तर हादरा मोठा. भांडी खणखणली, तावदानं थरथरली की जमीनच हलली असं वाटतं. खुल्या खाणीत पुष्कळदा ते काम हवेतून आलेल्या दाबलाटेचं असतं. म्हणून हादरे नोंदवणाऱ्या यंत्राला जमिनीसाठी जिओफोन आणि हवेसाठी वेगळा मायक्रोफोन असतो.

दुसरा समज असा की हादरा एका आकड्यात सांगता येतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं 1997 चं परिपत्रक पाहा. खाणीच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी, जमिनीचे कण सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलावेत याची मर्यादा त्यात आहे: कंपनं 8 हर्ट्झच्या खाली असतील तर 5, 8 ते 25 मध्ये 10, त्याहून जलद असतील तर 15. घर तेच असताना मर्यादा तीन का? वेग सेकंदाला 5 मिलिमीटर असेल तर 5 हर्ट्झला जमीन सुमारे 0.16 मिलिमीटर सरकते, 50 हर्ट्झला त्याचा दहावा भाग. शिवाय बैठ्या घरांची स्वतःची डोलण्याची गती साधारण 4 ते 12 हर्ट्झच्या आसपास असते. संथ लाट तिच्याशी जुळली की घर जमिनीपेक्षाही जास्त हलतं. त्यामुळे ज्या अहवालात फक्त वेग लिहिलाय आणि हर्ट्झ नाही, तो मी अर्धवटच मानते.

‘आज किती किलो बारूद उडवलं?’ हा प्रश्नही नेमका नाही. डिटोनेटर काही मिलिसेकंदांच्या फरकाने फुटतात, तेव्हा एका टप्प्यात एकदम किती फुटलं ते विचारायचं. अभियंते अंतराला त्या वजनाच्या वर्गमुळाने भागतात. अंतर निम्मं झालं तर तोच हिशेब राखायला टप्प्यातलं बारूद चौथाईवर आणावं लागतं. सुरुंगाची आखणी यावरच उभी असते.

माणसाला सेकंदाला 1 मिलिमीटरहून कमी कंपनही जाणवतं. त्यामुळे हादरा जाणवला म्हणजे भिंत फाटलीच असं होत नाही. पण रोज घर थरथरण्याचा त्रास खरा आहे, त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणं चूक.

ओट्यावर ठेवलेल्या मोबाइलची नोंद धरू नये. तो स्वतःच उडतो, सरकतो. जिओफोन घराच्या पायालगत, जमिनीत घट्ट रोवून बसवावा. भेगेवर दोन्ही बाजूंना चिकटवलेली पातळ काचेची पट्टी लावून तारीख लिहावी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि त्यानेही भिंती तडकतात. पट्टी कोणत्या दिवशी तुटली ते सुरुंगाच्या नोंदीशी ताडून पाहता येतं.