रिकामी वाघीण आणि चार रबरी ठोकळे

मालगाड्या रुळांवरून घसरतात कशा, यावर लिहा असं संपादक म्हणाले आणि मी चंद्रपूरकडच्या एका यार्डातली सिक लाइन, म्हणजे नादुरुस्त वाघिणींची दुरुस्ती-मार्गिका, गाठली. कोळशाची वाघीण जॅकवर चढवलेली, खालची चाकांची चौकट, म्हणजे बोगी, उघडी. फिटरने बोगीच्या आडव्या तुळईच्या, बोल्स्टरच्या, टोकाला हात ठेवला. "हा साइड बेअरर. भरलेली गाडी गुमान जाते साहेब, नाचते ती रिकामी."

वाघिणीचा मुख्य भार मधल्या पिव्हटवर असतो आणि बोगी त्याच्याभोवती वळते. प्रत्येक बोगीच्या दोन्ही अंगांना एकेक साइड बेअरर, म्हणजे दोन बोग्यांच्या वाघिणीला चार. आपल्या कॅस्नब बोगीच्या सुरुवातीच्या प्रकारांत तिथे रोलर होते; वर थोडी फट सोडलेली, डबा कलला तरच टेकायचा. पण चाकाची धाव निमुळती असते, त्यामुळे सरळ रुळावरही चाकजोडी डावी-उजवी सरकत राहते. वेग वाढला की सगळी बोगीच नागमोडी झुलते. कोळशाची बॉक्सएन वाघीण भरली की 80 टनांच्या पुढे जाते, रिकामी जेमतेम 22-23 टन. तेवढ्या वजनाने पिव्हटवर घर्षण ते किती होणार? म्हणून कॅस्नबच्या नंतरच्या प्रकारांत फटच काढून टाकली. आधीच दाबून बसवलेला ठोकळा डब्याला तळातून कायम रेटत असतो, ते घर्षण बोगीला आवरतं.

अमेरिकेत दुखणं वेगळंही होतं. 39 फुटी रुळांचे सांधे तिथे डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीने येत, त्यामुळे उंच, जड वाघिणी ताशी 25-30 किलोमीटरच्या संथ चालीतच हेलकावू लागत. आपले सांधे समोरासमोर, म्हणून ते फारसं वाट्याला आलं नाही.

तर मग ठोकळा चांगला घट्ट का बसवू नये? कारण वळणावर बोगीला वळायचं असतं. ती अडली की चाकाची कड रुळाला घासते आणि वर चढू पाहते. अमेरिकी मानकात अशा कायम टेकलेल्या बेअररची बसवणीची उंची 5 1/16 इंच, फरक फार तर 1/16 इंच! एवढ्याशा फरकावर सगळं बेतलेलं, आणि रबर तर दरवर्षी कडक होतं, बसतं. फिटरने काढलेल्या ठोकळ्यात नख रुतवून पाहिलं, रुतेना. कडेला बारीक भेगा, वरची पट्टी घासून आरशासारखी.

जॅक लावल्याशिवाय हे दिसत नाही. रेकमध्ये, म्हणजे एका अख्ख्या गाडीत, साधारण 58 वाघिणी, म्हणजे 232 ठोकळे. टॉर्च घेऊन बाजूने चालणाऱ्याला त्यातलं काय कळणार? आधी बोलतं ते चाक. कड पातळ झाली की वाघीण सिक होते, चाकजोडी बदलते, गाडी फिट. बेअररची उंची मोजायची राहिली, तर नवी चाकंही तशीच झिजतात.