दाढ दुखते की गाल?

भाताच्या घासात खडा दाताखाली आला, की आपण विचार करण्याआधीच तोंड थांबते. जबडा मिटणारे स्नायू क्षणार्धात ढिले पडतात आणि दात वाचतो. हा कारभार मेंदूच्या देठातून परस्पर चालतो, आपल्याला कोणी विचारत नाही.

पण स्नायूच दुखू लागला तर? माझी धाकटी जाऊ धारवाडची. महिनाभर 'अक्का, दवडे नोवु' म्हणत उजवा गाल धरून बसायची. कडक भाकरी बंद झाली, जांभई द्यायचीही भीती. एका दवाखान्यात दाढ काढायचा दिवससुद्धा ठरला. निरोगी दिसणारी दाढ काढायची हे मला पटेना, म्हणून दुसऱ्या दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी गालातला जाड चावण्याचा स्नायू बोटाने दाबला आणि तिला नेमकी दाढेत कळ आली. दुखणे स्नायूचे, ओरड दाढेची!

तोंड उघडून तिला स्वतःची तीन बोटे उभी घालता येईनात, दोनच गेली. स्नायू आखडून बसला असेल, असे मला वाटले होते. पूर्वी डॉक्टरमंडळीही असेच मानत: दुखते म्हणून आखडते, आखडते म्हणून दुखते. १९९१ मध्ये कॅनडातील जेम्स लुंड आणि सहकाऱ्यांनी वेगळा विचार मांडला. वेदना असली की मेंदू चावणाऱ्या स्नायूचा जोर कमी करतो, उलट दिशेच्या स्नायूला थोडा लगाम धरायला लावतो. त्यामुळे जबडा हळू आणि कमी हलतो. ही एक प्रकारची राखणच. निरोगी स्वयंसेवकांच्या गालात तीव्र मिठाचे पाणी टोचून केलेल्या प्रयोगांतही चावण्याचा जोर कमी झालेला दिसला.

गंमत म्हणजे एक गोष्ट उलटी होते. जबडा ढिला सोडून हनुवटीवर हलकी टिचकी मारली, तर गुडघ्याप्रमाणे तोही उडतो, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत. दुखऱ्या स्नायूत हा झटका कमी व्हायला हवा, पण डेन्मार्कमधील प्रयोगांत तो वाढलेला आढळला. म्हणजे जोर कमी, पण सावधपणा जास्त. सगळ्यांचे स्नायू एकाच पद्धतीने वागत नाहीत, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसले.

जावेला दंतवैद्यांनी मऊ अन्न, गरम शेक आणि हलका व्यायाम सांगितला. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न टेकलेले, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. ती मात्र शिकावी लागते, कारण काळजीत आपण दात आवळूनच बसतो. दीड महिन्याने ती भाकरी खाऊ लागली. दाढ जागच्या जागी आहे.

सुपारी-गुटख्याची सवय असून तोंड दिवसेंदिवस कमी उघडत असेल, तर ते दुखणे निराळे. तिथे शेक घेत बसू नये, लगेच तोंड तपासून घ्यावे. आणि जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाटले, घाम फुटला, तर दंतवैद्य नव्हे, थेट मोठे इस्पितळ गाठावे.