मरवा, पानओवा आणि ओरेगॅनो

ओरेगॅनो ही मूळची भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची वनस्पती, कुळ तुळस-पुदिन्याचे. हिमालयातही ती रानात आपोआप उगवते. महाराष्ट्रात मात्र ती घरोघरी पोहोचली पिझ्झासोबतच्या पुडीतून. तिची भावंडे मराठी अंगणात फार आधीपासून आहेत. अबोलीच्या गजऱ्यात गुंफला जाणारा मरवा तर ओरेगॅनोच्याच प्रजातीतला. युरोपात तो रश्शात आणि मांसात घालतात, इथे तो केसांत माळतात. जाड, लवदार पानांचा पानओवा जरा दूरच्या नात्यातला, पण चवीने ओरेगॅनोच्या अधिक जवळ, कारण दोघांच्या तेलात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही द्रव्ये असतात. डब्यातला ओवा कोथिंबिरीच्या कुळातला असूनही त्याचा झणका थायमॉलचाच.

धाराशिव जिल्ह्यात ओरेगॅनो लावणाऱ्याने उन्हापेक्षा पाण्याची काळजी अधिक करावी. येथील बराचसा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि भारी काळी माती पाणी धरून ठेवते. साचल्या ओलीत या झाडाची मुळे कुजतात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली हलकी, मुरमाड जमीन त्याला अधिक मानवते. काळ्या रानात राहणाऱ्यांनी सरळ कुंडी घ्यावी, तिच्या तळाला भोके ठेवावीत आणि मातीत निम्मी जाड वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. शेणखत मूठभर पुरे. खत-पाणी जास्त झाले की पाने मोठी होतात, पण वास पातळ होतो.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टाकावे. ते फार बारीक असते आणि उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून मातीत पुरू नये. वरून नुसते दाबावे आणि पाणी फवाऱ्याने द्यावे. साधारण एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. कोवळ्या फांदीची बोटभर काडी लावली तरी ती मूळ धरते. झाड वीतभर झाले की शेंडे खुडावेत, म्हणजे ते पसरते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची सावली आणि पावसाळ्यात छपराचा आडोसा, एवढे सांभाळले की तेच झाड पुढची काही वर्षे टिकते. पानओव्याला एवढेही लागत नाही. तुटकी फांदी खोचली तरी तो वाढतो, फक्त दलदल नको.

फुले उमलण्याच्या बेतात असताना ओरेगॅनोचा वास सर्वांत तीव्र असतो. काढणी तेव्हाच करावी. जुड्या बांधून सावलीत, वाऱ्यावर टांगाव्यात. उन्हात वाळवलेल्या पानांतले तेल उडून जाते. वाळलेला ओरेगॅनो ओल्यापेक्षा उग्र असतो, म्हणून चिमूटभरच घ्यावा. त्याचा वास तेलात उतरतो, त्यामुळे लसणासोबत मंद आचेवर तेलात टाकलेला उत्तम. ओली पाने मात्र शेवटी. टोमॅटो आणि वांगे यांच्याशी त्याचे चांगले जमते. ग्रीसमध्ये लिंबू आणि ओरेगॅनो मटणाला चोळतात. उस्मानाबादी शेळीच्या जिल्ह्यात हा प्रयोग जरूर करण्यासारखा आहे. पानओव्याचे अख्खे पान बेसनात बुडवून त्याची भजी करतात. बारीक चिरून ते ज्वारीच्या धपाट्यातही घालता येते, मात्र एक-दोन पानेच, नाहीतर बाकी चवी दबतात.

वाळली पाने अख्खीच घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावीत आणि वापरतेवेळी तळहातावर चुरावीत. वर्षभरात त्यांचा वास उतरतो.