सदरहून रामटेक : वाकाटकांच्या मुलखातली सहल

नागपूरच्या सदर भागातून कामठी, कन्हान ओलांडून जबलपूरच्या दिशेने जाणारा महामार्ग मनसरला पोहोचतो. इथून रामटेक जवळच आहे आणि नगरधन त्याच्या दक्षिणेला. नागपूरपासून सुमारे 50 किलोमीटरच्या परिसरातली ही तिन्ही ठिकाणे एखाद्या जोडप्याला एका दिवसात निवांत पाहता येतात.

मनसरच्या टेकडीवर उत्खननात विटांच्या भव्य वास्तूचे अवशेष सापडले. वाकाटक राजघराण्यातल्या दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे काही अभ्यासक मानतात.

रामटेकच्या गडावर राममंदिरे आहेत. त्यांहून जुनी आहेत ती पाचव्या शतकातली केवल नरसिंह, रुद्र नरसिंह आणि वराह ही वाकाटककालीन देवालये. गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलाव आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. गडाजवळ कालिदासाचे स्मारक आहे. त्रिपुरी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. शांतपणे पाहायचे असेल, तर ते दिवस टाळावेत.

नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. इथल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या पती दुसरा रुद्रसेन वारल्यावर अल्पवयीन मुलांच्या वतीने राज्यकारभार पाहत होती. आज इथे भुईकोट किल्ला उभा आहे.

चढण आणि ऊन लक्षात घेता नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा.